अक्षरओळखीनंतर काय वाचायचे? ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी पुस्तकांचे प्राथमिक शिक्षकाच्या नजरेतून परीक्षण

पहिलीच्या वर्गात मूल अक्षरे ओळखू लागते, बाराखडी म्हणू लागते, फळ्यावरचे सुटे शब्द वाचू लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर त्याच्या हाती देण्यासारखा मजकूर संपतो. पाठ्यपुस्तक एकच असते आणि त्यातील धडे ऐकून ऐकून पाठ झालेले असतात, त्यामुळे मूल वाचते आहे की आठवून म्हणते आहे, हे सांगणे कठीण होते. ग्रामीण मुलांना कितपत वाचता येते हे पाहणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाच्या वाचनचाचणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या आहेत. २०२४च्या ग्रामीण पाहणीत देशभरातील सरकारी शाळांमध्ये तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. शब्दापासून गोष्टीपर्यंतच्या या वाटेवर मुलाला पुष्कळ, सोपे आणि न वाचलेले असे काही सतत मिळत राहावे लागते. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मराठी पुस्तके ही गरज कितपत भागवतात, हे पहिली ते चौथीच्या वर्गांत वापरण्याच्या दृष्टीने तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम ओळख करून देतो. २००४मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेली ‘प्रथम बुक्स’ ही ना-नफा तत्त्वावर चालणारी बालसाहित्याची प्रकाशनसंस्था आहे. शाळांमध्ये वाचनवर्ग घेणारी आणि ‘असर’शी जोडलेली ‘प्रथम’ ही संस्था वेगळी. नावातील साम्यामुळे शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या नियमित बैठकीत, या दोहोंची गल्लत नेहमी होते. ‘प्रथम बुक्स’ने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ खुले केले. तेव्हा त्यावर २४ भाषांतील ८०० गोष्टी होत्या. आता भाषांची संख्याच तीनशेच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रातील बऱ्याच शिक्षकांचा त्याच्याशी पहिला परिचय करोनाकाळात झाला असेल, कारण शाळा बंद असताना २०२०च्या अखेरीस राज्यात जो ‘गोष्टींचा शनिवार’ उपक्रम सुरू झाला, त्यातील पुस्तके येथूनच पुरवली जात होती. दर शनिवारी पालकांच्या मोबाईलवर एक गोष्ट जात असे. शाळा उघडल्यावर अनेक ठिकाणी ही सवय सुटली, पण पुस्तके आहेत तिथेच आहेत.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण तिच्या परवान्यात आहे. बहुतेक पुस्तके ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे लेखक, चित्रकार व प्रकाशक यांचा उल्लेख कायम ठेवून ती वाचता, उतरवून घेता, छापता, वाटता आणि दुसऱ्या भाषेत नेताही येतात. शाळेच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल फार आहे. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती काढून दहा मुलांच्या हाती एकाच वेळी देणे, पान मोठे करून भिंतीवर लावणे, वाक्यांच्या पट्ट्या कापून त्यांचा क्रम लावायला सांगणे, असे जे प्रयोग विकतच्या पुस्तकाबाबत करताना हात आखडतो, ते येथे नि:संकोच करता येतात. शिवाय काही पैसे द्यावे लागत नाहीत. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी मिळणारे वार्षिक अनुदान ५,००० रुपयांपासून सुरू होते, आणि तेवढ्या रकमेत चांगली रंगीत पुस्तके किती येतात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे.

पुस्तक शोधताना भाषा, पातळी आणि विषय यांनुसार यादी गाळून घेता येते. निवडलेले पुस्तक पडद्यावर वाचता येते, पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते, किंवा इंटरनेट नसतानाही वाचता यावे म्हणून आधीच साठवून ठेवता येते. पाने बहुतांशी आडवी असल्याने शाळेतील दूरदर्शन संचावर ती नीट मावतात. तांत्रिक बाजूबद्दल याहून अधिक सांगण्याची गरज नाही; ज्याला मोबाईलवर शासन निर्णय उतरवता येतो, त्याला हेही जमते.

खरा विचार करायला हवा तो पातळ्यांचा. सर्व पुस्तके चार पातळ्यांत विभागलेली आहेत. पहिली पातळी वाचायला उत्सुक असलेल्या मुलांसाठी, दुसरी ओळखीचे शब्द वाचणाऱ्या व नवे शब्द मदतीने वाचणाऱ्यांसाठी, तिसरी स्वतःचे स्वतः वाचू लागलेल्यांसाठी आणि चौथी सराईत वाचकांसाठी आहे. विभागणीचा मुख्य आधार मजकुराची लांबी हा आहे. साधारण अडीचशे शब्दांपर्यंत पहिली पातळी, सहाशेपर्यंत दुसरी, दीड हजारांपर्यंत तिसरी आणि त्यापुढे चौथी. वाक्यांचा आखूडपणा, शब्दांची पुनरावृत्ती आणि कथानकाचा सोपेपणाही पाहिला जातो. मात्र हे निकष सर्व भाषांना सारखेच लावलेले आहेत. नवशिक्या मराठी वाचकाची वाट अडते ती देवनागरीच्या मांडणीपाशी आणि मराठीच्या प्रत्ययांपाशी, आणि त्याचा हिशेब या पातळ्यांत नाही.

उदाहरणादाखल दोन वाक्ये घेऊ. ‘आई बाजारात गेली’ हे एक, आणि ‘मांजरीच्या पिल्लाने टोपलीतून डोकावून पाहिले’ हे दुसरे. शब्द मोजले तर दुसरे वाक्य अवघ्या पाच शब्दांचे आहे आणि कोणत्याही भाषेच्या निकषावर आखूडच ठरेल. परंतु त्यात दोन जोडाक्षरे आहेत, अनुस्वार आहे, पाहिल्यावर आधी दिसणारी पण वाचताना नंतर उच्चारायची ऱ्हस्व वेलांटी दोनदा आहे आणि नामाला चिकटलेले तीन प्रत्यय आहेत. हाच आशय इंग्रजीत सांगायला सात-आठ सुटे शब्द लागतील, म्हणजे मराठीत शब्दसंख्या कमी भरते आणि प्रत्येक शब्दाचे ओझे वाढते. त्यामुळे भाषांतर झाल्यावर पुस्तक कागदावर ‘सोपे’ दिसते, पण पहिलीतील मूल पहिल्याच पानावर अडखळते. मुलांचे पायाभूत वाचन व गणित पक्के करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातील तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्टही शब्दांतच मोजलेले आहे, तेव्हा हा दोष एकट्या ‘स्टोरीवीव्हर’चा नाही. तरीही पुस्तक निवडणाऱ्या शिक्षकाने तो ध्यानात घेतला नाही, तर चांगल्या पुस्तकाचाही मुलाला धसका बसतो.

यावर काही शिक्षक जोडाक्षरे नसलेलीच पुस्तके शोधायची, असा उपाय सुचवतात. तो मला पटत नाही, कारण जोडाक्षराविना नैसर्गिक मराठी लिहिताच येत नाही. ‘आईच्या’, ‘आपल्या’, ‘त्याला’, ‘गाड्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द काढून टाकले की गोष्ट उरत नाही. उरते ती ‘कमल नमन कर’ छापाची कवायत. सामान्यरूप आणि अनेकवचन यांमुळे ‘य’शी जोडलेली अक्षरे मराठीत पावलोपावली येतात, आणि आपल्या परंपरागत क्रमात मात्र सगळी जोडाक्षरे शेवटच्या धड्यांसाठी राखून ठेवलेली असतात. गोष्टीची पुस्तके वर्गात आणली की हा क्रम किती गैरसोयीचा आहे हे लगेच उघड होते. म्हणून जोडाक्षरांचे सरसकट एकच टोपले न करता त्यांची घराणी पाडावीत आणि पुस्तकांची लावणी त्यानुसार करावी, असे माझे मत आहे.

पहिले घराणे ‘य’चे: च्या, त्या, ल्या, ज्या, ड्या, ऱ्या. ही अक्षरे बाराखडीबरोबरच, अखंड आकार म्हणून दाखवली तरी चालतात, कारण ती ज्या शब्दांत येतात ते शब्द मुलाच्या तोंडी रोजचे असतात. दुसरे घराणे ‘ह’चे: म्ह, न्ह, ल्ह, व्ह. ज्या गोष्टीत कोणी काही बोलते, तिथे ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’ असतेच. शिवाय ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘नव्हता’, ‘उन्हात’, आणि मुलांचा आवडता ‘कोल्हा’. तिसरे एकाच अक्षराच्या द्वित्ताचे: ‘गप्पा’, ‘पक्का’, ‘पिल्लू’, ‘चिठ्ठी’. येथे ‘ठ्ठ’सारखा उभा रचलेला आकार थोडा वेळ घेतो. चौथे घराणे ‘र’चे, आणि ते सर्वांत अवघड, कारण ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर बसतो, ‘प्राणी’मधला र पोटात तिरपा शिरतो आणि ‘राष्ट्र’मध्ये तो खाली काकपद होऊन लोंबतो. पाचव्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘श्र’ असलेले संस्कृत वळणाचे शब्द येतात. ‘स्टोरीवीव्हर’च्या पहिल्या पातळीवरील पुस्तक उघडून त्यात यांपैकी कोणकोणती घराणी आहेत हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. पहिली दोनच असतील तर ते पहिलीच्या दुसऱ्या सत्रात स्वतंत्र वाचनाला द्यावे. चौथे किंवा पाचवे आले तर ते शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे आणि मुलांच्या हाती दुसरीत द्यावे. मुखपृष्ठावरचा आकडा काहीही असो, पीडीएफच्या नावात ही आपली खूण घालून ठेवली की पुढच्या वर्षी शोधाशोध वाचते.

दुसरी अडचण अनुस्वाराची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अनुस्वार शिकवताना आपण ‘आंबा’, ‘गंगा’, ‘घंटा’ हे शब्द घेतो, म्हणजे टिंब दिसले की नाकातला उच्चार, असा मुलाचा समज होतो. गोष्टींच्या पुस्तकांत मात्र ‘केलं’, ‘गेलं’, ‘पाणी प्यायलं’, ‘झाडं’ अशी बोलीतली रूपे सर्रास येतात आणि तिथे त्या टिंबाचे काम शेवटचा ‘अ’ लांबवण्याचे असते. मूल ते ‘केलम्’ असे वाचते आणि गोंधळून थांबते. ‘मुलाने’ आणि ‘मुलांनी’ यांतील टिंब तर एकवचन आणि अनेकवचन यांतील फरक सांगते. एकाच खुणेची ही तिन्ही कामे मुलाला वेगवेगळी दाखवावी लागतात. स्थळावरील काही पुस्तके ‘केले’ हे रूप वापरतात, काही ‘केलं’; सुरुवातीच्या वाचकांना काही आठवडे एकाच प्रकारची पुस्तके देणे आणि मग दुसऱ्या प्रकाराकडे नेणे सोयीचे ठरते. बोलीतली रूपे टाळावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. मूल ‘केलं’ असेच बोलते, आणि आपण बोलतो तेच छापलेले दिसणे हा वाचनाचा मोठा आनंद आहे.

चित्रांविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही. ती उत्तम आहेत. वेगवेगळ्या शैलींचे भारतीय चित्रकार, ओळखीची घरे, ओळखीचे कपडे, साडीतली आजी आणि सलवारातली ताई, चाकाच्या खुर्चीवर बसलेले मूलही सहजपणे गोष्टीत आलेले. धोका एवढाच की पहिल्या पातळीवर पानावर एकच वाक्य आणि भलेमोठे चित्र असल्याने चलाख मूल चित्रावरून वाक्य रचून मोकळे होते. अर्थाचा अंदाज बांधणे ही वाचनाचीच एक कला आहे, त्यामुळे ते थांबवू नये; पण नंतर चित्र हाताने झाकून तेच वाक्य पुन्हा वाचायला सांगावे, आणि शेवटी ते वाक्य फळ्यावर चित्राविना लिहावे.

आता भाषेच्या दर्जाबद्दल. या स्थळावर ‘प्रथम बुक्स’ने आणि इतर प्रकाशकांनी संपादित करून दिलेली पुस्तके आहेत, तशीच सर्वसामान्य वापरकर्त्यांनी लिहिलेली व अनुवादलेलीही आहेत. दार सर्वांना उघडे असल्यावर दर्जा एकसारखा राहणे शक्यच नाही. त्यामुळे पुस्तक घेताना प्रकाशक कोण हे पाहावे आणि संपूर्ण पुस्तक आधी स्वतः मोठ्याने वाचावे. अनुवादात इंग्रजीची सावली कोठे पडते, हे कान लगेच ओळखतो. ‘तिने तिच्या आईला विचारले आणि तिचे हात धुतले’ असे वाक्य मराठी घरात कोणी बोलत नाही. ‘तिने आईला विचारले आणि हात धुतले’ असेच म्हणतात. जे मूल अक्षरे जुळवत वाचते, त्याला पुढचा शब्द कोणता येणार याचा भाषेच्या सरावातून मिळणारा आधार फार मोलाचा असतो, आणि वाक्याचे वळण परके असले की तो आधार सुटतो. परवाना फेरफाराची मुभा देत असल्याने अशा जागा दुरुस्त करून वर्गापुरती प्रत काढता येते, तसेच सुधारित आवृत्ती बदलाच्या उल्लेखासह इतरांसाठी उपलब्धही करून देता येते. पण गावच्या द्विशिक्षकी शाळेतल्या, दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाने हेही करावे अशी अपेक्षा ठेवणे जरा जास्तच होते.

पाठ्यपुस्तकाशी याची तुलना करणे अप्रस्तुत आहे, कारण दोहोंचे काम वेगळे. १९६७मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’चे पुस्तक अक्षरांचा क्रम लावून देते, उच्चार व लेखन यांची सांगड घालते आणि राज्यभरातील वर्गांना समान पाया देते. ‘स्टोरीवीव्हर’वर असा क्रम नाही आणि त्याने तसा दावाही केलेला नाही; अक्षरओळखीसाठी त्याचा वापर करू पाहणाऱ्याची निराशा होईल. तुलना करायचीच तर एनसीईआरटी या पाठ्यपुस्तके काढणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००८मध्ये काढलेल्या ‘बरखा’ या हिंदी क्रमिक पुस्तकमालेशी करावी. चार पातळ्यांतील त्या ४० पुस्तिकांत तीच ती पात्रे पुन्हा पुन्हा भेटतात, आणि एका पुस्तिकेत भेटलेले शब्द पुढच्या पुस्तिकेत पुन्हा येतात, त्यामुळे मुलाला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागत नाही. ‘स्टोरीवीव्हर’वर विषयांची श्रीमंती कितीतरी अधिक आहे, विज्ञान आहे, गणित आहे, विनोद आहे, पण मराठी वाचकाला हात धरून पायरी पायरीने नेणारी, मराठीच्या लिपीचा विचार करून मुळातच मराठीत लिहिलेली अशी सलग माला शोधावी तर हाती सुटी पुस्तकेच लागतात. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते. मराठीत अशी माला जो कोणी करील, त्याच्यासाठी चित्रांचा साठा मात्र येथे तयार आहे.

वर्गातील वापराचा जो क्रम मला उपयुक्त वाटतो, तो असा. आधी शिक्षकाने गोष्ट पूर्ण वाचून दाखवावी, मध्ये प्रश्न न विचारता. दुसऱ्या दिवशी पडद्यावर किंवा मोठ्या छापील पानांवर ओळीखाली बोट फिरवत सर्वांनी मिळून वाचावी. त्यानंतर प्रती जोड्यांत द्याव्यात, आणि जोडीत एक मूल थोडे पुढचे असावे. शेवटी प्रत्येकाने ती एकट्याने वाचावी. हे झाल्यावर लगेच त्याच घराण्यातल्या जोडाक्षरांचे, पण कधीही न ऐकलेले दुसरे पुस्तक द्यावे. मूल खरोखर वाचते की नाही, याची परीक्षा त्या दुसऱ्या पुस्तकात होते. एका पुस्तकावर आठवडा घालवण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीन पुस्तके हाताळणे हितावह, कारण साठा मोठा असल्याचा फायदा तेव्हाच मिळतो. बहुवर्ग अध्यापनात चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवण्याची तासिका ठेवली, तर चौथीतले मागे पडलेले मूलही संकोच न बाळगता पहिल्या पातळीचे पुस्तक हाती घेते. दहा वर्षांच्या मुलाला ‘लहान मुलांचे’ पुस्तक वाचायला लावण्यातला अपमान त्यामुळे टळतो.

लेखनासाठी या स्थळाचा उपयोग होतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. येथे काही पुस्तके शब्दविरहित आहेत, म्हणजे नुसत्या चित्रांतून गोष्ट सांगणारी. पहिलीच्या वर्गात ती पडद्यावर दाखवून मुलांनी आपल्या शब्दांत सांगितलेली वाक्ये शिक्षकाने फळ्यावर जशीच्या तशी लिहावीत आणि मुलांनी ती वाचावीत. आपण बोललो तेच फळ्यावर उमटले, हे कळल्यावर लेखन म्हणजे काय याचा उलगडा मुलाला होतो. शुद्धलेखनाचे नियम नंतर येतात. मुले ज्या बोलीत बोलतील त्या बोलीत लिहावे. अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य लिहिताना ते प्रमाण मराठीत वळवले, तर बोललेले आणि लिहिलेले यांचा सांधा तुटतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो. प्रमाण रूप दुसऱ्या रंगाच्या खडूने शेजारी लिहिता येते.

तिसरी-चौथीत याच्या पुढे जाता येते. स्थळावर चित्रांचा स्वतंत्र संग्रह आहे. त्यातून चित्रे निवडून, खाते उघडून, नवे पुस्तक रचता येते. मुलांनी गटात बसून चार-पाच चित्रे निवडावीत, वहीत कच्चा मजकूर लिहावा, एकमेकांना वाचून दाखवावा, न कळलेली जागा पुन्हा लिहावी आणि मग शिक्षकाने तो टंकित करावा. आपले लेखन छापील पुस्तकासारखे दिसणार असल्यामुळे पुनर्लेखनाचा कंटाळा मुले करत नाहीत. ‘माझी शाळा’ या विषयावर दहा ओळी लिहिण्यापेक्षा हे काम मुलांकडून कितीतरी अधिक लिहून घेते. एक खबरदारी मात्र आवश्यक: पुस्तक प्रकाशित केले की ते जगाला दिसते, म्हणून मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे किंवा गावाचा पत्ता त्यात घालू नये; आणि केवळ वर्गापुरते हवे असेल तर ते मसुदा म्हणूनच ठेवावे.

घरची भाषा मराठी नसलेल्या मुलांच्या वर्गात दोन भाषांतील एकच पुस्तक शेजारी ठेवण्याची सोय फार कामाची आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात, वीटभट्टीच्या शाळांत, मुंबई-पुण्याच्या महापालिका शाळांत आता हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले मराठी माध्यमात बसलेली असतात. तीच गोष्ट त्यांच्या भाषेत आधी ऐकवली, की मराठीत वाचताना अर्थ त्यांच्यापाशी आधीपासूनच असतो आणि सगळे लक्ष लिपीवर देता येते. गोंडीतील पुस्तकेही येथे आहेत. मात्र गोंडीची रूपे प्रदेशागणिक बदलत असल्याने गडचिरोलीच्या शिक्षकाने ती गावातील जाणत्या माणसाला आधी वाचून दाखवावीत.

छपाईबाबत काही व्यावहारिक गोष्टी. रंगीत छपाई महाग पडते आणि सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, रकमेत ती बसत नाही, पण बहुतेक पुस्तकांत मजकूर चित्राबाहेरच्या पांढऱ्या जागेत असल्याने काळी-पांढरी प्रतही वाचनीय निघते. आवडत्या मोजक्या पुस्तकांची रंगीत प्रत काढून तिला प्लास्टिकचे आवरण करावे आणि बाकीच्या काळ्या-पांढऱ्या ठेवाव्यात. चित्रे मुले आनंदाने रंगवतात. प्रिंटरमध्ये पुस्तिकेची मांडणी निवडली की एका कागदावर चार पाने बसतात, पण मग अक्षर लहान होते, म्हणून पहिलीसाठी ही काटकसर करू नये. शेवटचे श्रेयनामावलीचे पान गाळू नये, कारण उल्लेख कायम ठेवणे ही परवान्याची अट आहे. आणि ‘ल’ व ‘श’ या अक्षरांकडे लक्ष द्यावे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले आहेत, तर संगणकावरील अनेक देवनागरी टंकांत मुळात हिंदीतील वळण असते. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. पहिलीतल्या मुलाला मात्र ते दुसरेच अक्षर वाटते. पुस्तक वाटण्यापूर्वी दोन्ही आकार फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवले की पुरते.

पहिलीच्या पहिल्या सत्रात केवळ वाचून दाखवण्यासाठी, पहिलीच्या उत्तरार्धापासून तिसरीपर्यंत स्वतंत्र वाचनासाठी आणि तिसरी-चौथीत लेखनासाठी ही सेवा मी निर्धास्तपणे सुचवेन. चौथ्या पातळीवरील लांब गोष्टींसाठी मात्र पडदा किंवा घडी केलेल्या छापील प्रती सोयीच्या नाहीत. तिथे बांधीव पुस्तकच बरे, आणि ग्रंथालयाचे अनुदान त्याच पुस्तकांवर खर्च करावे. स्थळाच्या चालकांकडे एकच मागणी करावीशी वाटते: मराठी पुस्तकांच्या यादीत शब्दसंख्येबरोबरच जोडाक्षरांच्या प्रकारानुसार गाळण्याची सोय द्यावी. मजकूर त्यांच्याकडे युनिकोडमध्येच असल्याने जोडाक्षरे मोजणे यंत्राला अवघड नाही. ती सोय होईपर्यंत एका केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातील, शाळांनी कामाची वाटणी करावी: प्रत्येक शिक्षकाने महिन्याला पाच पुस्तके तपासून घराण्यांची नोंद केंद्राच्या सामाईक यादीत टाकावी, आणि शिक्षण परिषदेत त्या यादीवरून पुढच्या महिन्याची पुस्तके ठरवावीत.